समितीपुढे आपले म्हणणे

बारामती आणि इंदापूर हे दोन शेजारी तालुके. दोन्हीकडे नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी फिरते. दोन्हीकडे उसाचे फड आहेत. इंदापूरला वर उजनीचेही पाणी लागते. तालुके दोन, तहसीलदार दोन. पण प्रांतसाहेब एकच. त्यांची कचेरी बारामतीला आहे. जमिनीच्या कामासाठी, दाखल्यासाठी आपल्यापैकी पुष्कळांनी त्या कचेरीच्या पायऱ्या चढल्या असतील.

त्याच कचेरीचे आणखी एक काम आहे. ते फार थोड्यांना ठाऊक असते. प्रांतसाहेबांच्या अध्यक्षतेखाली तिथे एक समिती बसते. तिचे नाव मोठे लांबलचक आहे. उपविभागीय दक्षता व नियंत्रण समिती. नाव ऐकूनच माणूस बिचकतो. पण भिऊ नका. नाव सोडा, काम पाहू.

कोणाला जातीवरून शिवी दिली. कोणाला मारले. कोणाला पाण्यावर, देवळात, हॉटेलात, मसणवटीत अडवले. कोणाची जमीन बळकावली. कोणाशी साऱ्या गावाने बोलणे टाकले, किराणा देणे बंद केले. अशा गोष्टी कायद्याने गुन्हा आहेत. अस्पृश्यता घटनेच्या 17 व्या कलमाने बंद झाली. तिच्यासाठी 1955 साली कायदा झाला. 1976 साली तो कडक केला आणि त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे ठेवले. मग 1989 साली अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार रोखण्याचा कायदा झाला. लोक त्याला ॲट्रॉसिटीचा कायदा म्हणतात. आपल्या राज्यात बौद्ध झालेल्या बांधवांनाही 1990 सालापासून अनुसूचित जातीचे हे संरक्षण आहे.

कायदा तर झाला. पण कागदावरचा कायदा आपल्या पायांनी चालत नाही. फिर्याद घेतली की नाही? तपास झाला की नाही? सरकारने द्यायची मदत पोचली की नाही? साक्षीदाराला कोणी धमकावतो आहे काय? हे पाहायला कोणी तरी हवे. म्हणून 1976 सालच्या दुरुस्तीत समित्या नेमण्याची सोय झाली. पुढे 1995 साली दुसऱ्या कायद्याचे नियम झाले, त्यात राज्याची आणि जिल्ह्याची समिती आली. 2013 साली नियम वाढवून प्रांताच्या पातळीवरही समिती आणली. हे फार बरे झाले. इंदापूर तालुक्याच्या टोकाच्या माणसाला पुणे शंभर किलोमीटरच्या पलीकडे पडते. बारामती त्यामानाने जवळ.

या समितीत प्रांतसाहेब अध्यक्ष. पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, गटविकास अधिकारी हे अधिकारी. पंचायत समितीवर निवडून आलेले या समाजांचे सदस्य. शिवाय या समाजांतले काही बिनसरकारी सदस्य, आणि सेवाभावी संस्थांत काम करणारी काही माणसे. समाज कल्याण खात्याचा अधिकारी तिचा सचिव. निदान तीन महिन्यांतून एकदा तिने बसायचे, असे नियम सांगतो. म्हणजे वर्षाला चार बैठका तर झाल्याच पाहिजेत.

बैठकीत काय होते? अधिकारी यादी वाचतात. इतके गुन्हे दाखल, इतक्यांचा तपास बाकी, इतक्यांना मदत दिली, इतके खटले कोर्टात. सदस्य विचारतात, अमुक गावचे काय झाले? उत्तर येते, कारवाई चालू आहे. ते लिहून घेतले जाते. बैठक संपते.

आता समजा, त्या यादीतली एक ओळ तुमच्या घराची आहे. ओळीत लिहिले आहे, 'मदत प्रलंबित'. खरी गोष्ट अशी की जातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक पोलिसांकडे दिले, पण ते समाज कल्याणच्या कचेरीत गेलेच नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नाही. एका वाक्याने जे काम झाले असते, ते आणखी तीन महिने लांबते.

आणि मदत म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. 2016 सालच्या नियमांच्या तक्त्यात गुन्ह्याप्रमाणे 85 हजार रुपयांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत रक्कम लिहिलेली आहे. ती टप्प्याटप्प्याने मिळते. काही गुन्हा नोंदल्यावर, काही आरोपपत्र कोर्टात गेल्यावर, काही शिक्षा झाल्यावर. तातडीची मदत सात दिवसांत द्यायची आहे. तपास करून आरोपपत्र साठ दिवसांत दाखल करायचे आहे. हात मोडलेल्या माणसाच्या घरी ऊसतोडीची मजुरी बंद पडलेली असते. त्याला सात दिवस आणि सात महिने यांतला फरक कोणी शिकवायला नको.

मग आपले म्हणणे त्या टेबलापर्यंत जावे कसे?

आत बसता येते काय?

इथे आम्ही सरळच सांगतो. ग्रामसभेत बसण्याचा गावच्या प्रत्येक मतदाराला हक्क आहे. त्याला कोणी उठवू शकत नाही. कोर्टातही अत्याचाराच्या खटल्यात पीडित माणसाला हक्क आहे. कायद्याच्या 15-अ या कलमाप्रमाणे त्याला तारखेची सूचना वेळेवर मिळाली पाहिजे, आणि आरोपीला जामीन देताना त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. 29 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे कलम पाळलेच पाहिजे.

दक्षता समितीचे तसे नाही. तिच्या बैठकीला वाटेल त्याने येऊन बसावे, असे नियमात लिहिलेले नाही. तेव्हा कोणी छातीठोक सांगेल की 'चला, आत घुसू', तर त्याचे ऐकू नका. पण दार सताड उघडे नाही म्हणजे ते भिंतीसारखे बंद आहे, असेही नाही. आपला कागद आत जातो. आपला माणूस आत जातो. आणि अध्यक्षांनी ठरवले तर आपल्यालाही आत बोलावता येते.

आधी कागदाचे पाहू. कागदाची ताकद आपल्या मुलखाने फार पूर्वी ओळखली आहे. शेजारच्या पुरंदर तालुक्यातले खानवडी हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे गाव. 1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचे कमिशन नेमले. जोतीरावांनी त्या कमिशनला आपले निवेदन लिहून दिले. शेतकऱ्याकडून सारा घेता आणि त्याच्या पोरांना शाळा देत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी लिहिले. कमिशनने ते लगेच मानले असे नाही. पण ते लिहिलेले राहिले, म्हणून आज आपण ते वाचतो. पुढे 23 ऑक्टोबर 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यातच सायमन कमिशनपुढे साक्ष दिली. ही माणसे नुसती सभा गाजवून थांबली नाहीत. चौकशी करणाऱ्यापुढे जाऊन त्यांनी म्हणणे नोंदवून ठेवले.

आपला अर्ज तेवढा मोठा नको. एक पान पुरे. वर लिहा, 'अध्यक्ष, उपविभागीय दक्षता व नियंत्रण समिती, बारामती'. मग गाव, पोलीस ठाणे, गुन्ह्याचा नंबर, तारीख. मग काय अडले आहे ते दोन ओळींत. मग काय हवे ते एका ओळीत. सारी कर्मकहाणी लिहीत बसू नका. ती फिर्यादीत आहेच. 'मदतीचा पहिला हप्ता मिळालेला नाही. कागद अमुक तारखेला दिले. पोच सोबत आहे. हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा.' एवढे लिहिलेत तर वाचणाऱ्याला ते टाळता येत नाही.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. हे विसरू नका. शिक्क्याशिवायचा अर्ज म्हणजे पावतीशिवाय कारखान्याला घातलेला ऊस. पुढे वजन विचारायचे कोणाला?

अर्ज बैठकीच्या आदल्या दिवशी देऊन भागत नाही. विषयांची यादी आधी तयार होते. म्हणून पुढची बैठक केव्हा, हे सचिवाला विचारून घ्यावे. आणि समितीवरचे बिनसरकारी सदस्य कोण, त्यांची नावेही विचारावी. ती गुपित नाहीत. त्या सदस्याला जाऊन भेटा, अर्जाची एक प्रत द्या. 'आमचा विषय आला की एवढे विचारा,' असे सांगा. तो त्यासाठीच तिथे बसला आहे. पुष्कळ सदस्य बिचारे नुसते चहा घेऊन परत येतात. त्याचे कारण कधी कधी हेही असते की गावाकडून त्यांच्या हातात काहीच आलेले नसते.

पडद्यावरची बैठक

2020 साली करोनाची साथ आली. माणसाने माणसाजवळ बसायचे नाही, असे झाले. कचेऱ्यांच्या बैठका मोबाईलवर आणि संगणकावर होऊ लागल्या. सरकारी भाषेत तिला दूरदृश्य प्रणाली म्हणतात. कचेरीतले लोक व्हीसी म्हणतात. साथ गेली, पण व्हीसी राहिली. आता साहेब पुण्याला, तहसीलदार इंदापूरला, आणि बैठक पडद्यावर, हे नवे राहिलेले नाही.

आपल्याला याचा उपयोग आहे काय? आहे. पळसदेवची किंवा बावड्याची मजूर बाई बारामतीला जायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, एस.टी.चे भाडे गेले, आणि तिथे कळायचे की बैठक पुढे ढकलली. तिला गावातूनच पाच मिनिटे बोलता आले, तर दिवस वाचतो. म्हणून अर्जात एक ओळ वाढवावी. 'मला पाच मिनिटे ऐकून घ्यावे. येणे जमत नसल्यास व्हीसीवर जोडून घ्यावे.' अध्यक्षांवर तशी सक्ती नाही. पण मागितले नाही तर कोणी आपण होऊन लिंक पाठवणार नाही.

मात्र या पडद्याची एक बाजू आम्हाला फार खटकते. समोर कोण आहे ते पडद्यावर दिसते. मागे कोण उभे आहे ते दिसत नाही. ती बाई बोलणार कुठून? घरात मोबाईलला रेंज नाही. मग ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातून. तिथे तर दहा जण दाखल्यासाठी थांबलेले. त्यातला एखादा आरोपीचा चुलतभाऊ. प्रांतसाहेब विचारणार, 'बाई, कोणी धमकावते आहे का?' आणि ती म्हणणार, 'नाही साहेब, समदं ठीक हाय.' इतिवृत्तात तेच लिहिले जाणार. बारामतीच्या कचेरीत समोरासमोर असती, तर तिचा चेहरा पाहून साहेबांनी चार माणसे बाहेर काढली असती.

तेव्हा जिथे भीतीचा प्रश्न आहे, तिथे पडद्याचा सोस धरू नये. बारामतीला जावे. सोबत कोणी घ्यावे. तेही जमत नसेल तर तालुक्याच्या गावी एखाद्या वकिलाच्या किंवा संस्थेच्या बंद खोलीतून बोलावे. बोलण्याआधी खोलीत कोण आहे ते पडद्यावरच्या लोकांना सांगावे. आपले बोलणे झाले की माइक बंद करावा. बैठकीचे चित्रण करून गावच्या ग्रुपवर टाकू नये. आपल्या आधी ज्या पोरीच्या प्रकरणाची चर्चा झाली, तिची अब्रू आपल्या मोबाईलमध्ये आलेली असते.

आणखी एक. पडद्यावर आवाज तुटतो. म्हणून बोललात तरी कागद द्यायचाच. कागदाचा आवाज तुटत नाही.

बैठकीत काय ठरले?

बैठक कशीही होवो, खोलीत किंवा पडद्यावर, तिचे इतिवृत्त लिहावे लागते. इतिवृत्त म्हणजे काय काय बोलणे झाले आणि काय ठरले, त्याची नोंद. आमच्या मते आपल्या हातातले सगळ्यांत मोठे साधन हेच आहे. आत बसायला मिळाले नाही तरी आत काय झाले, ते यातून कळते.

2005 सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात चौथे कलम आहे. त्यात प्रत्येक सरकारी कचेरीला काही गोष्टी आपण होऊन जाहीर करायला सांगितले आहे. त्यात ही एक गोष्ट आहे. आपल्याकडे कोणत्या समित्या आहेत? त्यांच्या बैठकांना लोकांना येता येते काय? त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहायला मिळतात काय? पाहा, सरकारनेच प्रश्न काढून ठेवला आहे. उत्तर कचेरीने द्यायचे आहे. 'बैठकीला बसू द्या' म्हणून भांडण्यापेक्षा, 'या समितीच्या बैठका लोकांना खुल्या आहेत की नाहीत, ते लेखी कळवा' असे विचारणे शहाणपणाचे. 'नाही' असे उत्तर आले, तरी ते लेखी असते. त्यावर पुढे बोलता येते.

माहितीचा अर्ज कसा करायचा? आपल्या राज्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज एकाच विषयाचा असावा आणि दीडशे शब्दांच्या आत. लिहा, 'गेल्या दोन वर्षांत उपविभागीय दक्षता समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, कोण हजर होते, आणि त्यांच्या इतिवृत्तांच्या प्रती.' तीस दिवसांत उत्तर यायला हवे. हा अर्ज संगणकावरूनही करता येतो. सेवा केंद्रातला मुलगा तो भरून देईल. प्रतीत पीडितांची नावे झाकलेली असतील. ते योग्यच आहे. आपल्याला नावे नकोत, तारखा हव्यात.

तारखा कशाला? कारण त्या बोलतात. वर्षात चार बैठका व्हायच्या, आणि उत्तरात एकच तारीख आली, तर कोणी ओरडायची गरज नाही. तो कागदच पुरे. तसेच मागच्या बैठकीत 'पंधरा दिवसांत अहवाल द्यावा' असे ठरले, आणि पुढच्या इतिवृत्तात पुन्हा तेच वाक्य असले, तर कुठे अडले ते बोटाने दाखवता येते.

उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत पहिले अपील. तिथेही काही हाती लागले नाही, तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. इथे मात्र पडदा खरोखर कामाला येतो. 9 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या राज्य माहिती आयोगांना हुकूम दिला की अपिलाच्या सुनावणीला समक्ष किंवा ऑनलाइन, जसे अर्जदाराला सोयीचे तसे हजर राहू द्यावे. आयोगाचे पुण्यात खंडपीठ आहे. इंदापूरच्या शेतकऱ्याने मागितले, तर त्याला पुण्याची खेप न घालता आपले म्हणणे मांडता येते. हा त्याचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. आणि इथे मागे कोण उभे आहे याची भीतीही कमी. विषय तारखांचा असतो.

एक सावधगिरी सांगतो. दक्षता समिती ही देखरेख करणारी आहे. फिर्याद घेणारी नव्हे. आज मारहाण झाली तर समितीच्या बैठकीची वाट पाहत बसायचे नाही. पोलीस ठाण्यात जायचे. 1 जुलै 2024 पासून नवा फौजदारी कायदा लागू झाला आहे. त्याप्रमाणे कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन कळवले तरी चालते, पण मग तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. मदतीसाठी 14566 हा फुकट फोन आहे. 13 डिसेंबर 2021 रोजी तो देशभर सुरू झाला. फोन केलात की तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि लिहून ठेवा. पुढे समितीला द्यायच्या अर्जात तोही टाका.

प्रांतांच्या समितीकडून काहीच हालले नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती आहे. तिनेही तीन महिन्यांतून एकदा बसायचे आहे. तिच्या वर राज्याची समिती, तिचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. तिने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत भरायचे आहे. वर अर्ज पाठवताना खालच्या अर्जाची शिक्क्याची प्रत आणि मिळालेली इतिवृत्ते जोडावी. जुलैच्या बैठकीसाठी मे महिन्यातच अर्ज टपालात पडलेला बरा. टपालाची पावती त्याच फाईलला टाचून ठेवावी.